हेलिकॉप्टर रेजिमेंटचा आराखडा कसा काढायचा

मी ईएमईचा, म्हणजे सैन्याची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरचा, निवृत्त हवालदार. नोकरीची बरीच वर्षं चीता हेलिकॉप्टरच्या दुरुस्तीत गेली. आता कोल्हापुरात टेंबलाईवाडीत राहतो आणि भरतीची तयारी करणारी पोरं रविवारी घरी येतात. परवा एकानं विचारलं, "काका, हेलिकॉप्टरची रेजिमेंट म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीसारखीच व्हय?"

नव्हं लेका. पायदळाची रेजिमेंट म्हणजे तालीम. कुठल्याही बटालियनमध्ये जा, माती तीच, आरोळी तीच. हेलिकॉप्टरची रेजिमेंट म्हणजे आपलं कोल्हापुरातल्या संभाजीनगरचं एसटी आगार: गाड्या आणि त्या चालत्या ठेवणारी माणसं. एवढं डोक्यात बसलं की मग कागद घ्यायचा.

सरावाला जुना सोव्हिएत नमुना घ्या. खालून वर चढायचं. तळाला जोडी: एक हल्ला करतं, दुसरं पाठ राखतं. दोन जोड्या, म्हणजे चार हेलिकॉप्टरं, मिळून एक झ्वेनो. तीन-चार झ्वेनोंची स्क्वाड्रन, आणि अशा काही स्क्वाड्रनची रेजिमेंट. अफगाणिस्तानात कंदाहारला 280 वी रेजिमेंट होती. तिच्याकडं मारणारी एमआय-24 आणि माणसं-सामान वाहणारी एमआय-8, दोन्ही होती.

बहुतेक पोरं इथं पेन्सिल ठेवतात. खरं काम इथूनच पुढं आहे. रोजची तपासणी स्क्वाड्रनचेच तंत्रज्ञ करायचे. ठरावीक तास उडून झाले की मशीन रेजिमेंटच्या तांत्रिक विभागाकडं जायचं; एसटीची गाडी मोठ्या कामाला विभागीय कार्यशाळेत जाते ना, तसंच. इंधन, धावपट्टी, मेस हे सगळं मात्र वेगळी बटालियन सांभाळायची. ती चौकट बाजूला काढा आणि तुटक रेषेनं जोडा. ही तुटक रेषा विसरलात तर आराखडा कागदावरच उडणार. एकदा आमच्याकडं मशीन तयार, पायलट पट्टे आवळून बसलेले, आणि स्टार्टिंगची बॅटरी ट्रॉली दुसऱ्याच हँगरला! साहेब कुणावर ओरडले ते सांगायला नको.

आपल्या सैन्यात हाच नमुना शोधू नका, सापडायचा नाही. पूर्वी हे काम तोफखान्याच्या एअर ओपीकडं, म्हणजे तोफांचा मारा हवेतून बघणाऱ्यांकडं, होतं. 1 नोव्हेंबर 1986 ला आर्मी एव्हिएशन कोअर वेगळी झाली. इथं फ्लाइट, स्क्वाड्रन आणि त्यांच्यावर ब्रिगेड: लेह, मिसामारी, जोधपूर. पायलट घडतात नाशिकजवळ गांधीनगरला. दुरुस्तीला आम्ही ईएमईवाले, म्हणजे पुन्हा वेगळी कोअर. तिथंही रेषा वेगळ्या रंगानं काढा.

शेवटी जोधपूरची 451 स्क्वाड्रन काढून बघा. ती उभी राहिली मार्च 2024 मध्ये. तिच्यासाठीच्या अपाचे या हल्ल्याच्या हेलिकॉप्टरांपैकी पहिली तीन भारतात उतरली जुलै 2025 मध्ये. तुमच्या आराखड्यावर 2024 ची तारीख असेल, तर त्या चौकटीत हेलिकॉप्टर शून्य लिहा. पण चौकट काढायचीच, माणसं तिथं हजर होती.