पावसाळ्यात पिल्लांना रक्ती हगवण लागली तर काय करावे?

मृगाचा पाऊस पडून आठ-पंधरा दिवस झाले की खानदेशात परसातल्या कोंबड्या सांभाळणाऱ्या घरांतून एकच तक्रार ऐकू येते : पिल्लं पंख सोडून कोपऱ्यात बसतात, दाणे टिपत नाहीत, विष्ठेत रक्त दिसतं. मानमोडीची (राणीखेत या विषाणूजन्य रोगाची) लस दिली होती, तरी हे कसं झालं, असं लोक विचारतात. ती लस या रोगावर चालत नाही, कारण रक्ती हगवण म्हणजेच कॉक्सिडिओसिस विषाणूमुळे होत नाही. तो आयमेरिया नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होतो.

आजारी किंवा वरून धडधाकट दिसणाऱ्या कोंबडीच्या विष्ठेतून या परजीवीची कवच असलेली सूक्ष्म अंडी बाहेर पडतात. त्यांना ऊसिस्ट म्हणतात. ओल आणि २५ ते ३० अंश उष्णता मिळाली की एक-दोन दिवसांत ती रोग लावण्याजोगी होतात. आपला जून-जुलै म्हणजे नेमकं तेच हवामान. पिल्लं खाली अंथरलेलं तूस उकरताना ती गिळतात आणि चार ते सात दिवसांत आतड्याचं अस्तर फाटू लागतं. तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना धोका सर्वात जास्त.

पहिली पायरी : खात्री करा

रक्त दिसलं तर संशय घ्या, पण रक्त दिसलं नाही म्हणून निर्धास्त राहू नका. काही प्रकारांत नुसती पातळ, चिकट विष्ठा होते आणि तुरा फिका पडतो. ताजी विष्ठा किंवा नुकतंच मेलेलं पिल्लू पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. पिल्लू चिरल्यावर आतड्याच्या शेवटाकडच्या दोन बंद पिशव्या रक्ताने फुगलेल्या दिसल्या, तर निदान जवळपास पक्कं होतं. हिरवी हगवण, धाप आणि मान वाकडी होणं ही मानमोडीची लक्षणं आहेत. तिचा मार्ग वेगळा.

दुसरी पायरी : औषध पाण्यातून, सगळ्या पिल्लांना

आजारी पिल्लं वेगळी करा, पण औषध पूर्ण कळपाला द्या. आज ठणठणीत दिसणाऱ्या पिल्लाच्या पोटातही परजीवी असतो. आजारी पक्षी खाणं सोडतो, पाणी मात्र पितो, म्हणून औषध पाण्यातूनच.

सर्वाधिक वापरलं जाणारं औषध अँप्रोलियम. २० टक्क्यांची पावडर असेल तर जोराच्या लागणीत लिटरमागे १.२ ग्रॅम, ३ ते ५ दिवस. नंतर त्याच्या चौथाई मात्रा आणखी एक-दोन आठवडे. पाकिटांवर टक्केवारी वेगवेगळी असते, त्यामुळे डॉक्टरांना पाकीट दाखवून मात्रा ठरवा. पाणी रोज ताजं कालवा आणि तेवढे दिवस दुसरं पाणी ठेवू नका. आंगणातली डबकी, गुरांचा हौद झाका, नाहीतर पिल्लं तिथेच पितील.

इथे एक गोष्ट हमखास चुकते. अशक्तपणा दिसला की लोक त्याच पाण्यात बी-कॉम्प्लेक्स घालतात. अँप्रोलियम परजीवीला बी-१ जीवनसत्त्व मिळू देत नाही, त्यावरच त्याचं काम चालतं. आपणच बी-१ पुरवलं तर औषध वाया जातं. ते कोर्स संपल्यावर द्या. साध्या अँटिबायोटिकने परजीवी मरत नाही, आणि हळद-लसणावर विसंबून दोन दिवस घालवले तर तेवढ्यात पिल्लं दगावतात.

तिसरी पायरी : ओलं तूस त्याच दिवशी काढा

माझ्या मते खरा इलाज हाच. औषध चालू आणि खाली गादी ओली, तर पिल्लं रोज नवी लागण गिळत राहतात. ओलं तूस काढून लांब खड्ड्यात पुरा. फिनाईलवर विसंबू नका, ऊसिस्टचं कवच त्याला दाद देत नाही. उकळतं पाणी, फ्लेम गनची आच आणि कोरडेपणा यांनी ते मरतात. जमीन पूर्ण सुकल्यावर कोरडं तूस दोन-तीन इंच पसरा. नवापूरकडे भाताचं तूस मिळतं, इतरत्र शेंगांची टरफलं किंवा लाकडाचा भुसा चालतो.

रोज मूठभर तूस हातात दाबून पाहा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ते ओलं आहे. गोळा हळूहळू सुटला आणि तळव्याला ओल लागली नाही तर ठीक.

पुन्हा होऊ नये म्हणून

सर्वात जास्त ओल पाण्याच्या भांड्याभोवती होते. भांडं विटांवर ठेवून पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर आणा आणि पिल्लं वाढतील तसं उचलत जा. आठ आठवड्यांपर्यंत दर पिल्लाला एक चौरस फूट तरी जागा हवी. मोठ्या कोंबड्यांत पिल्लं सोडू नका. मोठ्यांना प्रतिकारशक्ती आलेली असते, तरी त्यांच्या विष्ठेतून ऊसिस्ट पडत राहतात. दाणे जमिनीवर न टाकता भांड्यात द्या.

उन्हाळ्यातही गाफील राहू नका. पारा ४४-४५ ला गेला की आपण खुराड्यावर ओलं गोणपाट टाकतो, पाणी मारतो. ते पाणी आत ठिबकलं तर ऐन मे महिन्यातही हगवण लागते. गोणपाट छपराच्या बाहेर राहील, असं बांधा. खुराडं रिकामं असेल तर मात्र याच उन्हाचा फायदा घ्या : तूस काढा, जमीन खरवडा, छप्पर उघडून आठवडाभर कडक तापू द्या आणि नवी पिल्लं त्यानंतरच आणा.