आतड्याच्या कॅन्सरवरचा मायक्रोआरएनए पेपर सेमिनारला घेताय? आधी बाण तपासा

आमच्या सांगलीत एमेस्सीच्या सेमिनारला दरवर्षी कुणीतरी हा विषय उचलतंच, की अमुक मायक्रोआरएनएमुळे आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी मरतात. मीपण उचलला होता. पाचव्या स्लाइडला सरांनी विचारलं, मिर-२१ हा मायक्रोआरएनए वाढला की पेशी मरते का जगते? मी ठोकून दिलं, मरते. सर काही बोलले नाहीत, नुसता चष्मा काढून पुसायला लागले, तेव्हाच कळलं आपली वाट लागली.

तर पेपर उघडायच्या आधी कोरा कागद घ्या, कोण कुणाला अडवतं त्याचे बाण काढायला. मायक्रोआरएनए म्हणजे साधारण २२ अक्षरांचा छोटासा आरएनए, तो स्वतः प्रोटीन बनवत नाही, दुसऱ्याची ऑर्डर अडवतो. खानावळीत गल्ल्यावरून आत चिठ्ठी जाते बघा, दोन ताट एक अंडाकरी, ती चिठ्ठी म्हणजे मेसेंजर आरएनए, आणि मधे एक पोरगं उभं आहे जे ठराविक शब्द दिसला की चिठ्ठी दाबून धरतं नाहीतर फाडूनच टाकतं. तो शब्द ओळखायची जागा म्हणजे सीड, मायक्रोआरएनएचं दुसरं ते आठवं अक्षर. आता कुणाची चिठ्ठी फाटली त्यावर सगळा खेळ. मिर-२१ अडवतो पीडीसीडी४ ला, जे ट्युमरला आवर घालणारं प्रोटीन, म्हणजे मिर-२१ वाढला की लगाम सुटला, पेशीचं मरण टळलं. मिर-३४ए अडवतो बीसीएल२ ला, आणि बीसीएल२ चं कामच पेशीला मरू न देणं, म्हणून मिर-३४ए वाढला की मरणाचा रस्ता मोकळा. मिर-१४३ आणि मिर-१४५ आतड्याच्या ट्युमरमधे कमी झालेले असतात हे २००३ पासून माहीत आहे. हे सगळे बाण पेनाने काढा, डोक्यात ठेवू नका, वजा वजा अधिक करताना भलेभले चुकतात.

मग बघा पेशी कुठल्या वापरल्यात. ही पायरी लोक वगळतात. एचसीटी११६ आणि एचटी-२९ या लॅबमधे वाढवलेल्या आतड्याच्या कॅन्सर पेशी. एचसीटी११६ मधे पी५३ (ट्युमरला आवर घालणारं अजून एक प्रोटीन) शाबूत असतं, एचटी-२९ मधे बिघडलेलं, आणि मिर-३४ए ला चालू करणारं पी५३ च आहे, हे २००७ मधे दाखवलं गेलं. त्यामुळे एकीत दिसलेलं दुसरीत दिसेलच असं नाही.

आता खरी मेख. पेपर म्हणतो पेशी मेल्या, पण पुरावा काय? नुसता एमटीटी नावाच्या रंगाच्या टेस्टचा बार ग्राफ असेल तर थांबा, त्या जांभळ्या रंगावरून पेशींची चयापचयाची हालचाल कळते, ती कमी झाली म्हणजे पेशी मेल्याच असं नाही, वाढायच्या थांबल्या असतील. मिर-३४ए च्या बाबतीत तर दोन्ही दिसलेलं आहे, कुठे मरण, कुठे नुसतं म्हातारपण, म्हणजे पेशी जिवंत पण वाढायची कायमची थांबलेली. अॅनेक्सिन आणि पीआय या मरणाऱ्या पेशी ओळखायच्या दोन खुणांचा चार चौकोनांचा प्लॉट शोधा. त्यात खाली उजवीकडचे ठिपके म्हणजे नुकत्या मरायला लागलेल्या, वर उजवीकडे म्हणजे पार गेलेल्या (अक्ष उलटे लावलेले असतात कधीकधी, लेबल वाचा). जोडीला तुटलेला कॅस्पेज-३ किंवा तुटलेल्या पार्पचा पट्टा असला (पेशी मरताना तुटणारी ही दोन प्रोटीन) की मग अपोप्टॉसिस, म्हणजे पेशीचं ठरवून झालेलं मरण, म्हणायला हरकत नाही.

टार्गेट खरं का, म्हणजे मायक्रोआरएनए खरंच तीच चिठ्ठी अडवतो का, हे ल्युसिफरेज या उजेड देणाऱ्या प्रोटीनच्या टेस्टवरून कळतं. ल्युसिफरेजच्या चिठ्ठीला सीड बसायची जागा जोडून तशीच ठेवली की उजेड कमी व्हायला हवा, आणि तीच जागा बिघडवली की उजेड परत यायला हवा. दुसरा बार नसेल तर सेमिनारमधे स्वतःहून सांगा, मार्क मिळतात.

कुणीतरी विचारणारच, मग औषध का नाही आलं? एमआरएक्स३४ सांगा. मिर-३४ची नक्कल, लिव्हर आणि इतर ट्युमरच्या पेशंटना दिली, रोगप्रतिकारक यंत्रणेच्या गंभीर रिअॅक्शन आल्या आणि २०१६ मधे ट्रायल बंद. आणि सांगलीत हळदीचा प्रश्न येतोच, मार्केट यार्ड जवळ आहे ना! हळदीतल्या कर्क्युमिनने डिशमधल्या आतड्याच्या कॅन्सर पेशींत मिर-२१ कमी झाल्याचं दाखवलंय, खरं आहे, पण खाल्लेलं कर्क्युमिन रक्तात फार थोडं उतरतं, त्यामुळे काकूंनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं हळदीचं दूध स्लाइडवर आणू नका.

आदल्या रात्री रूममेटला भडंग खायला घाला आणि ते बाण समजावून सांगा, कॉमर्सचा असला तर उत्तम. माझ्या विश्रामबागच्या रूमवर एक होता, त्याने दुसऱ्याच मिनिटाला विचारलेलं, मग हा वाढला तर चांगलं का वाईट रे? मी म्हटलं, झोप तू, तुला नाही कळायचं.