नेस्टेड ॲरेमध्ये आयडी शोधताय? या चुका टाळा

कन्सोलमध्ये अख्खा डेटा दिसतोय, त्यात 42 आयडीची नोंदही आहे, आणि कोड मात्र ‘अनडिफाइंड’ म्हणून मोकळा होतो. एरर नाही, वॉर्निंग नाही. जावास्क्रिप्टमध्ये नेस्टेड ॲरेत, म्हणजे नोंदींच्या आत आणखी याद्या असलेल्या यादीत, शोध घेताना खरा त्रास हाच आहे. चूक झाली तरी प्रोग्रॅम ओरडत नाही. तो रिकाम्या हाताने परत येतो, नाहीतर भलतीच नोंद उचलून आणतो.

आधी टाइप बघा

लॉजिक तपासण्याआधी शोधायचा आयडी आणि डेटातला आयडी, दोन्हींचा ‘टाइपऑफ’ (मूल्याचा प्रकार) प्रिंट करा. यूआरएलमधून किंवा एचटीएमएलच्या डेटा ॲट्रिब्यूटमधून आलेला आयडी ही कायम स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, असते. एपीआयच्या जेसनमध्ये (सर्व्हरकडून मजकूर रूपात येणाऱ्या डेटात) तोच आयडी बहुतेकदा नंबर असतो. टाइपसकट तुलना करणाऱ्या === ला ‘42’ आणि 42 या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात, आणि त्याचं बरोबरच आहे. यावर टाइपचा फरक पोटात घालणारं == लावून वेळ मारून नेऊ नका. आयडी बाहेरून कोडमध्ये शिरतो तिथेच त्याला एका ठरावीक टाइपमध्ये आणा.

माझा कौल स्ट्रिंगला. जावास्क्रिप्टचा नंबर 9007199254740991 पर्यंतचेच पूर्णांक खात्रीने धरून ठेवतो. जेसनमध्ये 9007199254740993 हा नंबर आला तर पार्स केल्यावर, म्हणजे कोडने वाचून घेतल्यावर, तो 9007199254740992 होतो आणि कुठेही तक्रार उमटत नाही. एवढे मोठे आयडी असतील तर ते सर्व्हरवरूनच स्ट्रिंग म्हणून यायला हवेत. पार्स झाल्यावर स्ट्रिंग करून काही उपयोग नाही, तोवर शेवटचा आकडा बदललेला असतो. ट्विटरच्या एपीआयमध्ये आयडीच्या जोडीला तोच आयडी स्ट्रिंग म्हणून वेगळा मिळायचा, तो याच कारणासाठी.

‘फाइंड’ आत शिरत नाही

‘फाइंड’ फक्त वरच्या पातळीवरच्या नोंदी बघतो. ‘चिल्ड्रन’मध्ये, म्हणजे नोंदीच्या आतल्या यादीत, काय दडलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मग कोणीतरी ‘फ्लॅट’ सुचवतं, पण तो ॲरेच्या आत थेट ठेवलेले ॲरे मोकळे करतो आणि काही न सांगता वापरला तर तेही एकच पातळी. ऑब्जेक्टच्या एखाद्या प्रॉपर्टीत ॲरे असेल, तर ‘फ्लॅट’ला इन्फिनिटी दिली तरी तो जागचा हलत नाही. म्हणजे रिकर्शन (स्वतःलाच बोलावणारं फंक्शन) लिहावं लागणार, आणि सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

समजा, 1 च्या आत 2 आणि 3 आहेत, 3 च्या आत 7 आहे आणि आपल्याला 7 हवाय. फंक्शन 1 वर येतं, जुळत नाही म्हणून त्याच्या ‘चिल्ड्रन’साठी स्वतःलाच बोलावतं. ते 3 पर्यंत पोहोचतं, पुन्हा आत जातं, तिथे 7 सापडतो आणि रिटर्न होतो. पण कोणाकडे? 3 च्या पातळीवर चाललेल्या कॉलकडे. त्या कॉलने आलेलं उत्तर कशात धरून ठेवलं नसेल, तर ते तिथेच सांडलं. लूप संपतो आणि वर ‘अनडिफाइंड’ जातो.

हे लक्षात आलं की बरेच जण घाईने रिकर्सिव्ह कॉलच्या आधी ‘रिटर्न’ लावतात, आणि आता उलटी चूक होते. 2 च्या आत काही सापडलं नाही तरी तिथूनच रिटर्न होतं, 3 ची पाळीच येत नाही. पहिल्या फांदीतले आयडी सापडतात आणि बाकीचे नाही, असं दिसलं तर ही ओळ तपासा. बरोबर क्रम असा: उत्तर एका व्हेरिएबलमध्ये घ्या, ते खरोखर मिळालं असेल तरच रिटर्न करा, नाहीतर लूप चालू द्या. सगळा लूप संपल्यावर शेवटी ‘नल’ द्या.

लूप ‘फॉर-ऑफ’चाच ठेवा. ‘फॉरईच’मधला ‘रिटर्न’ फक्त आतल्या कॉलबॅकमधून (प्रत्येक नोंदीसाठी चालणाऱ्या छोट्या फंक्शनमधून) बाहेर पडतो. बाहेरच्या फंक्शनला त्याचा पत्ता नसतो. आणि ‘चिल्ड्रन’ प्रत्येक नोंदीत असतीलच असं नाही. काही एपीआय रिकामा ॲरे देतात, काही ‘नल’, काही ती प्रॉपर्टीच गाळतात. तिन्ही धरून चाला.

नोंदीचा क्रमांक देणाऱ्या ‘फाइंडइंडेक्स’बद्दल एवढंच: पहिलीच नोंद जुळली तर 0 मिळतो, जो ‘इफ’मध्ये खोटा ठरतो, काहीच सापडलं नाही तर -1, जो खरा ठरतो. तुलना -1 शीच करा.

पीएचपीवाल्यांसाठी

मूल्य शोधून त्याची की (ॲरेतली जागा) देणाऱ्या ‘ॲरे-सर्च’चंही तसंच आहे, मिळालेली 0 ही की आणि ‘फॉल्स’ यांत फरक करायला === हवंच. पण ‘ॲरे-कॉलम’मधून आयडी काढून त्यावर ‘ॲरे-सर्च’ चालवण्याची लोकप्रिय युक्ती जास्त धोक्याची आहे. ‘ॲरे-कॉलम’ नव्याने 0 पासून क्रमांक देतो. मूळ ॲरेवर आधी नको त्या ओळी गाळणारा ‘ॲरे-फिल्टर’ चालवला असेल तर त्याच्या जुन्या कीज तशाच राहिलेल्या असतात. दोन्हींचा मेळ बसत नाही आणि हातात दुसऱ्याच माणसाची ऑर्डर येते. एखाद्या ओळीत आयडीच नसेल तरी हेच, कारण ‘ॲरे-कॉलम’ ती ओळ वगळून पुढे जातो. ‘ॲरे-कॉलम’ला दुसरा आर्ग्युमेंट ‘नल’ आणि तिसरा आयडीचं नाव द्या. पूर्ण ओळी आयडीनुसार लावून मिळतात, शोधायची गरजच उरत नाही.

पुन्हा पुन्हा शोधताय?

जावास्क्रिप्टमध्ये याच कामाला ‘मॅप’ आहे. झाड, म्हणजे हा फांद्याफांद्यांचा नेस्टेड डेटा, एकदाच फिरून आयडी आणि नोंद अशी जोडी भरून ठेवा. शंभर आयडींसाठी शंभर वेळा अख्खं झाड पालथं घालणं हे निव्वळ आळसाचं लक्षण. ‘मॅप’लाही ‘42’ आणि 42 वेगळेच वाटतात, हे विसरू नका. आणि भरताना आयडी आधीच आहे का ते तपासा. कॅटेगरी 7 आणि प्रॉडक्ट 7 एकाच झाडात असतील तर दुसरा पहिल्याला पुसून टाकेल. अशा वेळी की बनवताना प्रकार आणि आयडी दोन्ही जोडा. झाडात नोंद टाकली किंवा काढली की ‘मॅप’ही त्याच फंक्शनमध्ये बदला, नाहीतर डिलीट केलेली नोंद शोधात सापडतच राहील.