कुणाला त्रास होताना दिसला, तर मुलांनी बोलावं कसं? घरी करून घ्यायचा सराव

मधल्या सुट्टीत एकाचा डबा पळवला जातो, तेव्हा भोवती दहा-बारा मुलं उभी असतात. त्यातल्या बऱ्याच जणांना ते आवडत नसतं, तरी कोणी तोंड उघडत नाही. टोरांटोच्या शाळांच्या मैदानांवर कॅमेऱ्याने टिपलेल्या अशा प्रसंगांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती, पण मध्ये पडली फक्त १९ टक्के प्रसंगांत. मात्र जेव्हा कुणी मध्ये पडलं, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा त्रास १० सेकंदांत थांबला. म्हणजे मुलांच्या बोलण्याला वजन आहे. आयत्या वेळी काय बोलायचं, हे सुचत नाही आणि पुढचा नंबर आपला लागेल अशी भीती वाटते, अडतं ते इथे. ‘धीट हो’ असं सांगून यातलं काहीच सुटत नाही.

१. थट्टा आणि त्रास यांतला फरक दाखवा. मुलाला तीन प्रश्न द्या. दोघंही हसतायत का? ‘बास’ म्हटल्यावर थांबतं का? रोज त्याच एकाच्या वाट्याला येतं का? रंग, जात, बोली, जाडेपणा किंवा अडखळत बोलणं यावरून पाडलेलं नाव सगळे हसून घेत असले, तरी तो त्रासच.

२. वाक्यं ठरवा. चार-पाच शब्दांचं आणि मुलाच्याच बोलीतलं वाक्य हवं. त्रास देणाऱ्याला: ‘ए, बास. डबा दे त्याचा.’ किंवा ज्याला त्रास होतोय त्याला: ‘चल रे, खेळायला येतोस?’ बुजऱ्या मुलांना दुसरं वाक्य जास्त जमतं, कारण त्यात कुणाशी भिडावं लागत नाही. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणाचा फोटो टाकून खिल्ली उडवली, तर हसरी इमोजी टाकायची नाही, फोटो पुढे पाठवायचा नाही आणि ‘हे काढून टाक’ एवढंच लिहायचं. उलट शिवी किंवा धमकी नको. तसं केलं की भांडण तुमचं मूल आणि त्रास देणारा या दोघांचं होतं, ज्याला त्रास झाला तो बाजूला राहतो आणि शिक्षा दोघांनाही होते.

३. उभं राहून सराव करा. आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं, साधारण तीन आठवडे. त्रास देणारा तुम्ही व्हा, पुढच्या वेळी भूमिका बदला. पहिल्या दिवशी आवाज बारीक निघेल आणि नजर जमिनीवर जाईल. दोन हातांचं अंतर ठेवून, मान वर करून तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावा. इथे बहुतेक पालक चुकतात ते असं, की मुलाने वाक्य म्हटलं की लगेच माघार घेतात. खऱ्या मैदानावर ‘तुला काय करायचंय?’ हे ऐकावंच लागतं. म्हणून तेही म्हणा. मुलाने वाद न घालता आपलं वाक्य एकदाच परत म्हणायचं आणि ज्याला त्रास होतोय त्याला घेऊन निघायचं.

४. कधी मध्ये पडायचं नाही, तेही ठरवा. मोठ्या वर्गातली मुलं, मारामारी, हातात दगड किंवा कंपास, कपडे ओढणं, नको तिथे हात लावणं: अशा वेळी थेट मोठ्या माणसाकडे धावायचं. ‘कुणालातरी सांग’ याचा उपयोग नाही. वर्ग, मैदान, स्वच्छतागृह, शाळेची व्हॅन अशा प्रत्येक जागेसाठी दोन माणसं आधीच ठरवा: वर्गशिक्षिका, शिपाईकाका, मावशी, व्हॅनचे काका. काय झालं, कुठे, कुणाला, एवढंच सांगायचं. मुलांसाठीचा १०९८ हा मोफत क्रमांक पाठ करून घ्या.

‘चहाडखोर’ म्हणतील ही भीती खरी असते, ती उडवून लावू नका. कुणाला शिक्षा व्हावी म्हणून सांगणं वेगळं आणि कुणाची सुटका व्हावी म्हणून सांगणं वेगळं, हे प्रसंग घेऊन समजवा. शिवाय सगळ्यांसमोरच सांगायला हवं असं नाही. शाळा सुटल्यावर शिक्षकांना गाठता येतं, तक्रारपेटीत चिठ्ठी टाकता येते.

५. नंतरची सोबत. जे मूल त्या क्षणी काहीच बोलू शकलं नाही, त्यालाही हे जमतं. दुसऱ्या दिवशी ज्याला त्रास झाला त्याच्याशेजारी बसून डबा खायचा आणि ‘काल झालं ते चूक होतं’ असं त्याला सांगायचं. त्रासापेक्षा एकटं पडणं जास्त बोचतं, म्हणून ही पायरी कधीच गाळू नका.

६. मूल घरी येऊन सांगेल तेव्हा. तुमचं पहिलं वाक्य फार महत्त्वाचं. ‘तू कशाला मध्ये पडलास?’ असं एकदा ऐकलं, की पुढच्या वेळी ते सांगणारच नाही. आधी ‘सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणा आणि पूर्ण ऐकून घ्या. लगेच समोरच्या मुलाच्या आईवडिलांना फोन करू नका, पालकांच्या ग्रुपवर तर मुळीच लिहू नका. वर्गशिक्षकांना एकटं भेटा आणि सांगणाऱ्या मुलाचं नाव वर्गात घेऊ नये, अशी स्पष्ट विनंती करा. भर वर्गात नाव फुटलं, तर पुढचं लक्ष्य तेच मूल असतं. ‘मुलं आहेत, चालायचंच’ असं उत्तर मिळालं, तर तारीख आणि प्रसंग लिहून मुख्याध्यापकांना अर्ज द्या व त्याची पोच घ्या.