ॲप्रिसिटी: हा शब्द कुठे वापरायचा, कुठे नाही

कडक थंडीत सावलीतून उन्हात येऊन उभं राहिलं की दोन मिनिटांत पाठीवर जी ऊब चढते ना, तिच्यासाठी इंग्लिशमधे एक अख्खा वेगळा शब्द आहे, ॲप्रिसिटी. स्पेलिंग ए-पी-आर-आय-सी-आय-टी-वाय आणि बोलताना जोर द्यायचा तो 'प्रि'वर. १६२३ साली हेन्री कॉकरमने आपल्या डिक्शनरीत याचा अर्थ दिला, हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब, आणि एवढा गोड शब्द पण पुढे फारसा कोणी वापरलाच नाही, मला याचं खरंच वाईट वाटतं.

मूळ लॅटिन 'ॲप्रिकस', म्हणजे जिथे छान ऊन येतं अशी जागा. ॲप्रिकॉट ऐकून गोंधळू नका, त्या फळाचं नाव 'लवकर पिकणारं' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून अरबीमार्गे आलंय.

आता वापरायचा कसा. एक लक्षात ठेवा, हवा गार पाहिजे आणि ऊब उन्हाचीच पाहिजे, दोन्ही एकदम. म्हणून मे महिन्यातल्या चटक्याला ॲप्रिसिटी म्हणायचं नाही, शेकोटीच्या किंवा हीटरच्या उबेलाही नाही, आणि खिडकीतून नुसता उजेड येतोय पण अंगाला काही लागत नाहीये तर तिथेही नाही. हवा थंडच असते पण किरण थेट अंगावर पडून कातडी, स्वेटर तापवतात, म्हणून तर ढग आडवा आला की लगेच हुडहुडी भरते, आणि शब्दाची सगळी मजा या फरकातच आहे.

हे नाम आहे आणि याचं अनेकवचन करत बसायचं नाही. 'वुई सॅट इन द ॲप्रिसिटी ऑफ अ जॅन्युअरी मॉर्निंग' असं छान बसतं. क्रियापदही आहे, ॲप्रिकेट, आणि त्याला आपल्याकडे इतका नेमका शब्द आहे की भाषांतर करताना अडायचं कारणच नाही, ऊन खाणे! मांजर खिडकीच्या कट्ट्यावर पोट उन्हाकडे करून पसरलंय, डोळे अर्धे मिटलेले, ऊन सरकलं की तेही वीतभर सरकतं, ते मांजर ॲप्रिकेट करतंय.

बहुतेक वाचकांना शब्द माहीत नसणार, म्हणून आधी थंडी दाखवा, गारठलेली बोटं, तोंडातून निघणारी वाफ, मग ऊन आणा आणि त्याच वाक्यात शब्द टाका, अर्थ कंसात द्यावा लागत नाही.