लेवीय वाचायला घेतलंय? मग अर्पणांचे अध्याय असे वाचा

वर्षात पूर्ण बायबल वाचायचं ठरवणारे बरेच जण लेवीय या तिसऱ्या पुस्तकापाशीच गळतात, उत्पत्ती झरझर होतं, तांबडा समुद्रही पार होतो, आणि मग चरबी, गुरदे, रक्त शिंपडणं सुरू झालं की माणूस सरळ स्तोत्रसंहिता उघडतो. आपल्या नाशिकमध्ये तर आजूबाजूला होमहवन, गोदाकाठचे विधी, गावच्या जत्रेतला बोकड हे बघतच आपण मोठे होतो, त्यामुळे "ते जुन्या करारातलं, येशूने संपवलं, आपल्याला काय त्याचं" असं म्हणून मोकळं होणं आणखीच सोपं. येशूने एकदाच आणि कायमचं अर्पण केलं हे मी मनापासून मानतो, पण ती अर्पणं आणणाऱ्या माणसाकडून जे मागितलं जायचं ते देव आजही मागतो, आणि तेच आपण न वाचता सोडून देतो.

सुरुवातीला फक्त पहिले 7 अध्याय घ्या, रोज एक. होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण, दोषार्पण असे पाच प्रकार येतात. प्रत्येक ठिकाणी बघायचं की आणणारा स्वतः काय करतो, याजक काय करतो आणि शेवटी खातं कोण. होमार्पणात आणणारा जनावराच्या डोक्यावर हात ठेवतो, कापतोही तोच, याजकाचं काम रक्तापासून सुरू होतं, आणि कातडं सोडून सगळं जळून जातं. म्हणजे पैसे देऊन बाजूला उभं राहायची सोय नाही. शांत्यर्पणात मात्र चरबी वेदीवर, ऊर आणि उजवी मांडी याजकाला, बाकीचं आणणाऱ्याच्या पंगतीत. त्यातही उपकारस्तुतीचं असेल तर मांस त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत ठेवायचं नाही. आता अख्खं जनावर एका घराने एका दिवसात कसं संपवायचं? मला तर यात चार लोकांना बोलवायची सोयच दिसते. नवसाच्या अर्पणाचाही नियम तिथेच आहे (7:16), तेव्हा फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला नवस फेडायला जाणाऱ्यांनी तो अध्याय जरूर वाचा, आणि नंतरच्या जेवणाला कोणाकोणाला बोलवायचं तेही ठरवा.

4 आणि 5 मध्ये कोणी काय आणायचं ते नीट बघा. अभिषिक्त याजक चुकला तर गोऱ्हा, अधिकारी चुकला तर बकरा, साध्या माणसाला बकरी किंवा मेंढी, तेही परवडत नसेल तर दोन पारवे, आणि तेवढीही ऐपत नसेल तर थोडंसं पीठ. पीठ! रक्ताचा थेंब नाही तरी त्याला क्षमा मिळते असं 5:13 मध्ये स्पष्ट लिहिलंय. मरीया आणि योसेफाने बाळंतपणानंतर मंदिरात पक्ष्यांचंच अर्पण केलं (लूक 2:24), म्हणजे गरिबांचं अर्पण.

सगळ्यात जास्त वेळ दोषार्पणाला द्या. 6 व्या अध्यायाच्या सुरुवातीला यादीच आहे, ठेवायला दिलेली वस्तू दाबली, लुबाडलं, दुसऱ्याची हरवलेली वस्तू सापडली तरी सापडलीच नाही असं सांगितलं. अशा माणसाने मेंढा तर आणायचाच, पण मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा ज्याचा त्याला परत करायचा. समजा पिंपळगावच्या एखाद्या बागायतदाराचे द्राक्षांचे 50,000 रुपये कोणी खोटं बोलून दाबलेत, तर 60,000 परत, आणि ते चर्चच्या दानपेटीत नाही, त्या शेतकऱ्याच्या हातात. जकातदार जक्कयाने येशूला चौपट परत करतो म्हटलं ते याच वळणावरचं, आणि मत्तय 5:23-24 मध्ये येशू पण तेच सांगतो, दान वेदीपुढे ठेव, आधी भावाशी समेट कर. म्हणून हा अध्याय वाचताना एक कागद घ्या, आपण कोणाचं काय देणं लागतो ते नावानिशी लिहा, रविवारच्या आत एकाला तरी फोन करा. रडून प्रार्थना केली पण पैसे परत केले नाहीत तर दोषार्पण अर्धंच राहिलं असं मी म्हणेन.

एक सांभाळा, प्रत्येक गुरद्यात आणि प्रत्येक चिमूट मिठात गुपित अर्थ शोधत बसू नका. आणि "मोठं अर्पण द्या म्हणजे मोठा आशीर्वाद" असं कोणी लेवीय दाखवून सांगत असेल तर त्याला यशया 1 आणि होशेय 6:6 वाचायला द्या, येशूने होशेयाचं ते "यज्ञ नको, दया हवी" हे वचन मत्तयात दोनदा काढलंय.

16 वा अध्याय, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, गुड फ्रायडेच्या आठवड्यासाठी ठेवा आणि सोबत इब्री 9 आणि 10 वाचा. प्रमुख याजक आधी स्वतःच्या पापासाठी गोऱ्हा आणतो आणि हे दरवर्षी पुन्हा करावं लागतं, हे डोक्यात बसल्याशिवाय "एकदाच" या शब्दाचं वजन कळत नाही. इ.स. 70 मध्ये रोमी सैन्याने यरुशलेमचं मंदिर पाडलं, तेव्हापासून ही अर्पणं तिथे होत नाहीत. मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाची उपासना, हा यज्ञ आहे की आठवण, यावर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वेगळं शिकवतात, तो प्रश्न आला की आपापल्या फादरना किंवा पाळकांना विचारा, घरात वाद घालत बसू नका.