ओतीव गोळीचं वंगण: कुठलं घ्यायचं, कसं लावायचं

बंदुकीच्या नळीत ओतीव गोळीचं शिसं बसतंय म्हणून लगेच वंगण बदलायला धावू नका. बहुतेक वेळा दोष वंगणाचा नसतो, मापाचा असतो. गोळी नळीपेक्षा बारीक असली की मागचा तप्त वायू तिच्या कडेनं निसटतो, जाता जाता शिसं वितळवतो आणि पुढे नळीला फासतो. मग जगातलं सगळ्यात महागडं मेण लावा, काही उपयोग नाही.

माझं अर्धं आयुष्य पिंपरीच्या टूलरूममध्ये गेलं. आता डॅलसजवळ राहतो आणि गॅरेजमध्ये अडतीस स्पेशल आणि पंचेचाळीस एसीपी या काडतुसांसाठी शिशाच्या गोळ्या ओततो. इथे स्वतःपुरती काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. भारतातून वाचणाऱ्यांनी हे फक्त माहिती म्हणून वाचावं. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा सरळ गुन्हा आहे.

तर आधी माप. पिस्तूल रिकामं आहे याची दोनदा खात्री करा, नळीला आतून तेलाचा हात द्या आणि मासेमारीच्या गळाला लावतात ते मऊ शिशाचं वजन लाकडी दांड्यानं हलके ठोकत आरपार काढा. त्यावर नळीच्या आतल्या पीळदार खाचांचा ठसा उमटतो, तो मायक्रोमीटरनं मोजा. गोळी या मापापेक्षा एक ते दोन थाउ (इंचाचा हजारावा भाग) जाड हवी. अडतीस स्पेशलची नळी साधारण ०.३५७ इंच भरते, गोळी ०.३५८ ठेवतात. पंचेचाळीसला ०.४५१ ची नळी, ०.४५२ ची गोळी. एक मेख आहे: स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरच्या नळीत पाच खाचा असतात. विषम संख्या असल्यामुळे एका खाचेसमोर दुसरी खाच येत नाही आणि साधा मायक्रोमीटर फसवतो. व्ही-अँव्हिलवाला (व्ही आकाराच्या टेकूचा) घ्या, नाहीतर पिन गेजनं, म्हणजे ठरावीक मापाच्या पोलादी सळयांनी, सिलिंडरच्या घरांची तोंडं मोजा. रिव्हॉल्व्हरमध्ये ती तशीही मोजावीच लागतात. गोळी त्या तोंडातून बोटानं किंचित दाबून गेली पाहिजे. तोंडच नळीपेक्षा अरुंद असेल, तर चांगली जाड गोळी आधी तिथे पिळून बारीक होते आणि नळीत ढिली पडते.

मिश्रधातूचं थोडक्यात. शुद्ध शिशाचा ब्रिनेल कडकपणा ५ च्या आसपास, गाडीच्या चाकाच्या जुन्या क्लिपवाल्या वजनांचा १२, लायमन नंबर २ या ओतकामाच्या मिश्रधातूचा १५. साध्या अडतीसला १०-१२ भरपूर झाला. जितकं कडक तितकं चांगलं असं मुळीच नाही. मंद काडतुसात कडक गोळीचं बूड फुगत नाही आणि वायू निसटतो.

आता वंगण. मी सगळ्यांना आधी एकच सांगतो: अर्धं मधमाशीचं मेण, अर्धं अलॉक्स २१३८ एफ (कारखान्यात बनणारं गंजरोधक वंगण), वजनानं. अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या कर्नल हॅरिसन यांनी १९६० च्या दशकात हे बसवलं आणि आजही दुसरं काही याच्याहून फार पुढे गेलंय असं मला वाटत नाही. तपकिरी, चिकट, थोडा गंजरोधक तेलासारखा वास. गरम न करताही वंगण भरायच्या मशीनमधून वाहतं. तयार कांड्या मिळतात, त्या घ्या. घरी करायचंच असेल तर उकळत्या पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा, थेट आचेवर कधीच नाही. मेण ६२ ते ६५ अंशांना वितळतं, त्यासाठी थेट ज्योतीची गरज नसते. जास्त तापवलं की अलॉक्स बिघडतं आणि धूर निघायला लागला तर आग लागायलाही वेळ लागत नाही.

टेक्सासचा उन्हाळा हा वेगळा विषय. जुलैत गाडीच्या डिकीत काडतुसांचा डबा राहिला तर मऊ वंगण वितळून खाली काडतुसातल्या दारूत उतरतं, आणि मग बार फुसका निघतो. गोळी नळीत अडकली आणि ते लक्षात न येता पुढचा बार टाकला, तर नळी फाटते. म्हणून उन्हाळ्यात कार्नोबा (ताडाच्या जातीच्या झाडाचं कडक मेण) मिसळलेलं कडक वंगण बरं. त्याला तापवणारी मशीन लागते आणि कडाक्याच्या थंडीत ते ठिसूळ होऊन गोळीवरच्या वंगणाच्या खाचेतून गळतं. दोन्ही ऋतूंना एकच वंगण हवं असेल तर माझं मत पुन्हा त्या अर्ध्या-अर्ध्यालाच, फक्त डबा घरात ठेवा.

काळी दारू वापरणाऱ्यांचं गणित उलटं. तिथे खनिज तेलाचं वंगण चालत नाही, काजळीशी मिसळून डांबरासारखा थर होतो. मेण आणि चरबी, किंवा मेण आणि वनस्पती तूप वापरतात, म्हणजे काजळी मऊ राहते. चरबी म्हटल्यावर आपल्याला १८५७ आठवणारच. एन्फिल्डच्या काडतुसांना वंगण लावायचं कारण हेच होतं. बोंब झाल्यावर कंपनी सरकारनं शिपायांना आपल्या पसंतीचं वंगण लावायची मुभाही दिली, पण तोवर विश्वास उडाला होता. तांत्रिकदृष्ट्या बघाल तर मेण आणि तेलानंही काम भागलं असतं.

लावायच्या पद्धतींपैकी नवशिक्यानं थाळीची धरावी, खर्च जवळजवळ शून्य. सपाट बुडाची केकची थाळी घ्या. ती पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही, हे घरात आधीच जाहीर करा. गोळ्या बुडावर उभ्या करा, दोन गोळ्यांत बोटभर अंतर. वितळलेलं वंगण कडेनं हळू ओता, गोळ्यांच्या डोक्यावर नको. सगळ्यात वरची खाच बुडाली की थांबा. आता वाट बघणं हेच खरं काम. पूर्ण गार झालं तर गोळी ढकलताना वंगण खाचेतून तुटून येतं, फार गरम असताना ढकललं तर ओघळतं. थाळीच्या बुडाला हात लावल्यावर कोमट लागलं आणि वंगणाचा चकाकता रंग मंद झाला की वेळ आली समजा. सगळी वडी उलटी काढा आणि अंगठ्यानं एकेक गोळी बाहेर ढकला, खाचा काठोकाठ भरलेल्या दिसतील. फार चिकटत असेल तर गोळीहून किंचित मोठ्या व्यासाची पातळ पितळी नळी वरून दाबून कापून काढा. वडी फेकू नका, पुढच्या खेपेला नव्या गोळ्या त्याच भोकांत बसवून थाळी पुन्हा तापवायची. शेवटी प्रत्येक गोळीचं बूड फडक्यानं कोरडं करा. बुडाला राहिलेलं वंगण दारू खराब करतं, हे काम कंटाळवाणं असलं तरी टाळू नका.

मशीन, म्हणजे ल्युब्रिसायझर, एकाच दांड्यात माप आणि वंगण दोन्ही करतं. वेग हवा असेल तर घ्या. स्क्रूचा दाब जास्त दिला की वंगण बुडाखाली शिरतं, एवढंच सांभाळा.

तिसरी पद्धत ली कंपनीच्या पातळ अलॉक्सची. बाटली गरम पाण्यात ठेवून पातळ करा, आइसक्रीमच्या रिकाम्या डब्यात शंभरेक गोळ्या घ्या, थोडे थेंब टाका आणि पोहे हलवावेत तसा डबा गोल गोल फिरवा. गोळी फिक्कट पिवळी दिसली की पुरे. तपकिरी झाली तर तुम्ही जास्त घातलंय. मेणकागदावर रात्रभर वाळवा, साइझ करा (साच्यातून दाबून नेमक्या मापाची करा), मग वाटल्यास त्याहून पातळ दुसरा हात द्या. जास्त वंगण नुसतं धूरच करत नाही, ते सीटिंग डायमध्ये, म्हणजे गोळी काडतुसात बसवणाऱ्या साच्यात, साचतं आणि गोळी हळूहळू खोल बसायला लागते. नऊ एमएमसारख्या छोट्या काडतुसात गोळी जरा खोल गेली की दाब चढतो. म्हणून अधूनमधून काडतुसाची लांबी कॅलिपरनं बघत राहा आणि डाय पुसा.

वंगणाऐवजी गोळीवर रंगाची भुकटी भाजून चढवायची, त्या पावडर कोटिंगचं आता फार खूळ आहे. भट्टीत साधारण २०० अंशांना २० मिनिटं, धूर नाही, हात स्वच्छ. चांगलं आहे, पण जाडी एक-दोन थाउ वाढते, तेव्हा साइझिंग नंतर करा. भट्टी स्वयंपाकाची नसावी.

पद्धत कुठलीही असो, काम झालं की थंड पाण्यानं साबण लावून हात धुवा, गॅरेजमध्ये चहा-बिस्कीट आणू नका, पोरांना जवळ फिरकू देऊ नका. वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घ्या.

नवीन वंगण जमलं की नाही हे नळीच सांगते. थोडे बार झाले की तोंडाशी करड्या वंगणाचं चांदणीसारखं कडं दिसलं पाहिजे. शिसं मागे, दारूच्या बाजूला बसत असेल तर गोळी बारीक आहे, पहिल्या परिच्छेदाकडे जा. पुढे, तोंडाकडे बसत असेल तर वंगण वाटेतच संपतंय, मग ते बदला किंवा आणखी एक खाच भरा. बसलेलं शिसं काढायला तांब्याची भांडी घासायची घासणी जुन्या ब्रशभोवती गुंडाळून फिरवा. विकत घेताना खिशात लोहचुंबक ठेवा. घासणीला चिकटला तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं लोखंड आहे, नळीवर ओरखडे पाडेल.